ॲरिस्टॉटल: वादळात माल समुद्रात फेकला, तर ते 'ऐच्छिक' कसं?

पायवाट

ॲरिस्टॉटलच्या 'निकोमाकियन एथिक्स' या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकाची पहिली पाच प्रकरणं मराठीत आणायचं काम चालू आहे. पहिल्याच प्रकरणात गाडी अडली आहे. जाणकारांनी मदत करावी.

१) 'हेकूसिओन' आणि 'आकूसिओन' यांना मी 'ऐच्छिक' आणि 'अनैच्छिक' असे शब्द घेतले. पण वादळात जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकणाऱ्याची कृती 'ऐच्छिक'कडे झुकते, हे वाक्य मराठीत वाचताना सरळ खोटं वाटतं. दुसरा मार्गच नसेल, तर इच्छा कुठून आली?

२) 'अज्ञानामुळे केलेलं' आणि 'अज्ञानात केलेलं' असा फरक तो करतो. मराठीत हे दोन्ही एकच वाटतात.

३) कृती झाल्यावर पश्चात्ताप झाला की नाही, यावरून आधीच घडून गेलेल्या कृतीचा प्रकार कसा बदलतो?

४) इडिपस, म्हणजे ग्रीक नाटकातला नकळत बापाला मारणारा राजा, यात कुठे बसतो?

शिवाय प्रस्तावनेत 'इच्छास्वातंत्र्य' हा शब्द वापरावा का, तेही सांगा.

कोरांटी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच येतो. 'इच्छास्वातंत्र्य' वापरू नका. माणसाची इच्छा कारणांच्या साखळीतून मोकळी आहे का, हा ॲरिस्टॉटलचा इथला प्रश्नच नाही. कृतीचा उगम कुठे आहे, एवढंच तो विचारतो. त्याचा शब्द आहे 'आर्खे', म्हणजे आरंभ किंवा मूळ. १११०अ मध्ये (हे ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांचे प्रमाण पृष्ठांक) मालाच्या उदाहरणानंतर तो स्पष्ट लिहितो, की हातपाय हलवण्याचा आरंभ त्या माणसातच आहे, आणि जिथे आरंभ आपल्यात तिथे करणं-न करणंही आपल्या हाती. पेटी उचलून कठड्यापलीकडे ढकलणारे हात खलाशाचेच आहेत. वाऱ्याने खलाशालाच उडवून नेलं असतं, तर तिथे त्याचा काहीच वाटा नसता. ती खरी सक्ती. सक्तीची व्याख्या तो इतकीच अरुंद ठेवतो: आरंभ बाहेर, आणि करणाऱ्याची त्यात काडीची भर नाही.

आता शब्दांकडे. 'ऐच्छिक'ला माझा विरोध दोन कारणांनी आहे. रोजच्या मराठीत 'ऐच्छिक' म्हटलं की शाळेतला ऐच्छिक विषय आठवतो, म्हणजे घेतला काय नि न घेतला काय. हे कारण किरकोळ. दुसरं मोठं आहे. पुढच्याच प्रकरणात 'बूलेसिस' येतं आणि 'इच्छा' हा शब्द तुम्हाला तिथे लागणार आहे. बूलेसिस अशक्य गोष्टीचीही असू शकते, उदाहरणार्थ अमरत्वाची. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचीही असते, जसं अमुक नट किंवा अमुक मल्ल जिंकावा असं वाटणं. प्रोहायरेसिस, म्हणजे विचारान्ती केलेली निवड, अशा गोष्टींची होत नाही. हेकूसिओनसाठी 'इच्छा' आधीच खर्चून टाकलीत, तर हा सगळा युक्तिवाद वाचकाच्या हातातून निसटेल.

माझी सूचना: हेकूसिओन म्हणजे 'आपणहून केलेलं' आणि आकूसिओन म्हणजे 'मनाविरुद्ध घडलेलं'. लहान मुलं आणि जनावरं यांच्या कृतीही हेकूसिओन असतात, प्रोहायरेसिस मात्र त्यांना नसते, असं तो ११११ब मध्ये म्हणतो. 'मुलाने आपणहून खाल्लं', 'बैल आपणहून गोठ्यात गेला' हे मराठीत सहज चालतं. 'राजीखुशीने' चालणार नाही, कारण त्यात आनंद गृहीत धरला जातो. 'जाणूनबुजून' प्रोहायरेसिसच्या फार जवळ जातं.

मग मालाचं वाक्य असं होईल: 'त्याने माल आपणहून टाकला, पण मनाविरुद्ध टाकला.' ॲरिस्टॉटल ज्यांना 'मिश्र' कृती म्हणतो त्या नेमक्या अशाच आहेत. एरवी, नुसता माल फेकायचा म्हणून कोणी फेकणार नाही. त्या क्षणी, त्या वादळात, शहाणा माणूस फेकतो. आणि कृतीचं नाव ती केली त्या क्षणावरून ठरतं, हा त्याचा मुद्दा अनुवादात ठळक यायला हवा. तो पुसट झाला की 'मिश्र' म्हणजे अर्धं-अर्धं असा समज होतो. तो तर म्हणतो की या कृती आपणहून केलेल्यांसारख्याच जास्त आहेत.

प्रश्न २. मराठीत फरक आहे, फक्त नामं सोडून क्रियापदांकडे या. 'अज्ञानामुळे' म्हणजे 'माहीत नसल्यामुळे'. 'अज्ञानात' म्हणजे 'भान नसताना'. दारू प्यायलेल्या किंवा रागाने पेटलेल्या माणसाला आपण काय करतोय याचं भान नसतं, पण त्या कृतीचं कारण अज्ञान नव्हे, दारू किंवा राग. पहिल्याला सूट, दुसऱ्याला नाही. लेस्बॉस बेटावरच्या मितिलीनी नगराचा शासक पित्ताकस याने तर कायदाच केला होता, की नशेत गुन्हा केला तर शुद्धीतल्यापेक्षा शिक्षा जास्त. ॲरिस्टॉटलच्याच 'राजनीती'च्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी त्याची नोंद आहे. 'एथिक्स'च्या तिसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात पित्ताकसचं नाव न घेता ॲरिस्टॉटल दुप्पट शिक्षेबद्दल बोलतो आणि कारण देतो: न पिणं त्याच्या हातात होतं.

सूट कोणत्या अज्ञानाला, तेही त्याने मोजून दिलंय. कोण करतोय, काय करतोय, कोणावर किंवा कशाबाबत, कशाने (हत्यार किंवा साधन), कशासाठी, आणि कसं, म्हणजे हळू की जोरात. त्याची उदाहरणं याच खणांत बसतात. आपल्या मुलालाच शत्रू समजणारी मेरोपी (ग्रीक नाटकातली राणी) 'कोणावर'मध्ये येते. भाल्याच्या टोकाला बोंडी (टोक बोथट करणारी गोळी) आहे असं समजून वार केला आणि ती नव्हती, तर 'कशाने'. वाचवण्यासाठी पाजलेल्या औषधाने माणूस मेला, तर 'कशासाठी'. सरावात नुसता स्पर्श करायचा होता आणि ठोसा बसला, तर 'कसं'. पहिल्या खणाबद्दल तो स्वतःच म्हणतो, की 'कोण करतोय' हे कोणाला माहीत नसेल, स्वतःलाच माणूस कसा ओळखणार नाही? काय योग्य आणि काय अयोग्य याचं अज्ञान मात्र या यादीत नाही. ते अज्ञान म्हणजे दुर्गुणच, आणि त्याबद्दल दोषच मिळतो.

प्रश्न ३. कृतीचं कारण पश्चात्तापाने बदलत नाही, तुमची शंका रास्त आहे. पण आकूसिओनमध्ये 'मनाविरुद्ध' हा अर्थ मुळातच आहे, दुःखही आहे. एखाद्याने झुडपामागच्या हरणावर भाला फेकला, तिथे त्याचा वैरी लपला होता आणि तो मेला. फेकणाऱ्याला कळलं आणि बरं वाटलं. हे त्याच्या हातून नकळत झालं, पण मनाविरुद्ध झालं असं कसं म्हणणार? म्हणून ॲरिस्टॉटल तिसरं नाव देतो, 'ऊख हेकोन', म्हणजे आपणहून नव्हे, बस्स. 'अनैच्छिक' शब्द घेतलात तर हा तिसरा खण मराठीत तयारच होत नाही, कारण 'ऐच्छिक नसलेलं' आणि 'अनैच्छिक' एकच. 'नकळत घडलेलं' आणि 'मनाविरुद्ध घडलेलं' असे दोन वेगळे शब्द ठेवलेत की प्रश्न सुटतो.

नवाश्म

कोरांटींच्या उत्तराशी बहुतांशी सहमत, एक दुरुस्ती. 'आपणहून' या शब्दात जाणण्याची अट येत नाही. ११११अ मधली व्याख्या दुहेरी आहे: आरंभ करणाऱ्यात हवा, आणि कृतीचे तपशील त्याला माहीत हवेत. बोंडी नसलेला भाला मारणाऱ्याने तो 'आपणहून'च मारला, असं कोणताही मराठी माणूस म्हणेल. त्यामुळे व्याख्येच्या ठिकाणी तरी 'आपणहून आणि जाणून' असं पूर्ण लिहा, पुढे संक्षेप करा.

इडिपसबद्दल. पाचव्या पुस्तकाचं आठवं प्रकरण तुमच्या हातात नसलं तरी वाचाच. तिथे ११३५अ मध्ये तो म्हणतो, की ज्याला मारलं तो बाप असू शकतो, आणि मारणाऱ्याला हा माणूस आहे, किंवा इथल्यांपैकी कोणीतरी आहे, एवढंच माहीत असू शकतं. बाप आहे हे माहीत नसतं. इडिपसचं नाव तिथे नाही, पण उत्तर तेच लागतं. तिठ्यावर एका माणसाला मारणं त्याने आपणहून आणि जाणून केलं. पितृहत्या तशी केली नाही. हात एकच, फटका एकच, पण एका वर्णनाखाली ती त्याची कृती आणि दुसऱ्या वर्णनाखाली त्याच्या हातून घडलेली गोष्ट. सोफोक्लीसच्या शेवटच्या नाटकात म्हातारा इडिपस कोलोनसच्या लोकांना सांगतो, की माझी कृत्यं मी केली त्यापेक्षा भोगली जास्त. मराठीत 'मी केलं' आणि 'माझ्या हातून झालं' हा भेद आपण दिवसातून दहा वेळा करतो. या पुस्तकाच्या अनुवादकाला हे फार मोठं भांडवल आहे, ते वापरा.

तिसऱ्या पुस्तकातली उदाहरणं हवेतून आलेली नाहीत, ती अथेन्सच्या न्यायालयांच्या सावलीत लिहिलेली आहेत. तळटीपेसाठी उपयोगी पडेल म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हत्येचे खटले तिथे वेगवेगळ्या जागी चालत. हेतुपुरस्सर हत्या आरेओपागस टेकडीवरच्या न्यायालयात, अनवधानाने झालेली पॅलेडियनमध्ये. 'मारलं, पण कायद्याने मुभा होती' असा बचाव असेल तर डेल्फिनियनमध्ये. खेळाच्या स्पर्धेत झालेला मृत्यू, किंवा लढाईत शत्रू समजून आपलाच माणूस मारला जाणं, हे या तिसऱ्यात येई. अनवधानाने झालेल्या एका हत्येसाठी आधीच हद्दपार झालेल्यावर दुसऱ्या हेतुपुरस्सर हत्येचा आरोप आला, तर तो फ्रेआत्तोला किनाऱ्याजवळ नावेत उभा राहून बाजू मांडे, जमिनीला पाय न लावता. दगड, लोखंडाचा तुकडा किंवा जनावर यांच्यामुळे कोणी मेलं तर प्रितानेयनमध्ये त्या वस्तूचा खटला चाले आणि वस्तू सीमेबाहेर टाकली जाई.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की अनवधान सिद्ध झालं म्हणजे माणूस घरी जात नसे. अथेन्सचा जुना कायदेकर्ता ड्रॅको याचा कायदा (इ. स. पू. ६२१ च्या सुमारास, दगडावर पुन्हा कोरला इ. स. पू. ४०९-४०८ मध्ये) सांगतो, की पूर्वविचाराशिवाय मारलं तरी हद्दपारी. परत यायचं तर मृताचा बाप, भाऊ आणि मुलगे या सगळ्यांनी क्षमा करायला हवी. एकानेही नाही म्हटलं तर क्षमा अडते. म्हणजे दोष किती आणि परिणाम किती, हे हिशेब कायद्याने वेगळे ठेवले होते. ॲरिस्टॉटलचा 'सिंग्नोमे' हा शब्द, म्हणजे समजून घेऊन माफ करणं, या पार्श्वभूमीवर वाचला की त्याचं वजन कळतं. त्याला 'दया' म्हणू नका.

एक नमुना खटला पाहा. अथेन्सचा वक्ता अँटिफॉन याच्या नावावर असलेल्या दुसऱ्या 'टेट्रालॉजी'त चार भाषणं आहेत, दोन फिर्यादीची आणि दोन बचावाची. व्यायामशाळेत एक मुलगा भाला फेकण्याचा सराव करतोय. दुसरा मुलगा मध्ये धावतो, भाला लागून मरतो. बचावाचं म्हणणं: फेकणाऱ्याने ठरल्याप्रमाणेच, ठरल्या जागी फेकला. चूक धावणाऱ्याची, आणि तिची शिक्षा त्याला मिळालीही. पुढच्या भाषणात आणखी एक तपशील येतो, की शिक्षकाने त्या मुलाला भाले गोळा करायला हाक मारली होती. आता दोष तिघांत वाटायचा. चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की अशाच एका भाल्याच्या अपघातावर अथेन्सचा नेता पेरिक्लीस आणि तत्त्वज्ञ प्रोटागोरस यांनी अख्खा दिवस घालवला: जबाबदार कोण, भाला, फेकणारा, की स्पर्धेचे व्यवस्थापक?

पाचव्या पुस्तकातल्या तीन पायऱ्या या खटल्यावर लावून पाहा. इजा कोणाला अपेक्षितच नव्हती आणि कारणाचं मूळ बाहेर, तर 'आतिखेमा', दुर्दैव. अपेक्षा करायला हवी होती, मनात वाईट नव्हतं, पण मूळ स्वतःत, तर 'हामार्तेमा', चूक. जाणून पण विचार न करता, रागाच्या भरात केलं तर 'आदिकेमा', अन्याय्य कृत्य, पण माणूस अजून अन्यायी ठरत नाही. ठरवून केलं तर मात्र माणूसच अन्यायी. रिकाम्या मैदानावर फेकलेला भाला पहिल्या पायरीवर. मुलं ये-जा करत असताना न पाहता फेकला तर दुसऱ्या. इथे 'काळजी घ्यायला हवी होती' हा विचार येतो आणि तिसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तो जवळजवळ नाहीच. पाचव्या प्रकरणात थोडा आहे: निष्काळजीपणामुळे न कळलेलं असेल तर शिक्षा होते, कारण काळजी घेणं त्याच्या हाती होतं.

पायवाट

दोघांचेही आभार. 'ऐच्छिक' काढून टाकतो.

पण नवाश्म, तुम्ही ज्या पाचव्या प्रकरणाचा उल्लेख केलात तिथेच पुढची अडचण आहे. तो म्हणतो की स्वभावही आपल्या हातात आहे, कारण वारंवार केलेल्या कृतींतून तो बनतो. मग ज्याला लहानपणापासून वाईटच वळण लागलं त्याचं काय? आणि एकदा स्वभाव बनल्यावर बदलता येत नाही असंही तो म्हणतो. या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात?

सांजवारा

तो एकत्र ठेवतो ते दगडाच्या उदाहरणाने (१११४अ). दगड हातातून सुटल्यावर परत घेता येत नाही, तरी फेकणं फेकणाऱ्याच्या हाती होतं. त्याआधी आजाऱ्याचं उदाहरण आहे. वैद्यांचं न ऐकता, मनमानी जगून आजारी पडलेला माणूस आता बरं व्हायचं म्हणून बरा होत नाही, पण आजारी न पडणं एके काळी शक्य होतं.

इथे वाचक नेहमी एक चूक करतात. त्यांना वाटतं की ॲरिस्टॉटल म्हणतोय, आपण स्वभाव निवडतो. तो तसं म्हणत नाही. प्रकरणाच्या शेवटी, १११४ब-१११५अ मध्ये, तो कृती आणि स्वभाव ('हेक्सिस') यांत फरक करतो. कृतीवर आपला ताबा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कारण तपशील समोर असतात. स्वभावावर ताबा फक्त सुरुवातीला. पुढे प्रत्येक कृतीने त्यात किती भर पडली ते दिसत नाही, आजार वाढताना दिसत नाही तसंच. हे वाक्य तुमच्या अनुवादात पूर्ण आलं पाहिजे. पुष्कळ सारांशांत ते गळतं आणि मग ॲरिस्टॉटल विनाकारण कठोर वाटतो.

लहानपणीच्या वळणाबद्दल. दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तो स्वतःच म्हणतो, की बालपणापासून कशाची सवय लागली याने सगळाच फरक पडतो. म्हणजे अडचण त्याला ठाऊक होती. म्हणूनच १११४ब मध्ये शब्द सावध आहे: आपण स्वभावाचे 'सिनाइतिओइ', म्हणजे सहकारण आहोत. 'सिन' म्हणजे 'सह'. एकटं कारण नाही. हा उपसर्ग अनुवादात गळू देऊ नका. बाकीचा वाटा घराचा, कायद्याचा, नगराचा, आणि म्हणूनच दहावं पुस्तक शेवटी कायदे करणाऱ्यांकडे वळतं. माझ्या मते त्याचं उत्तर पुरेसं नाही. ज्याला चांगलं कधी दिसलंच नाही त्याच्या बाबतीत 'सुरुवातीला हाती होतं' हे सिद्ध करायला त्याच्याकडे फारसं काही नाही. त्याचा खरा युक्तिवाद वेगळाच आहे, जोडीचा: सद्गुणाचं श्रेय घेणार असाल तर दुर्गुणाचा दोषही घ्या. 'कोणी आपणहून वाईट नसतो' हे सॉक्रेटिसकडून आलेलं मत तो याच जोडीने तोडतो.

प्लेटोने म्हातारपणी 'लॉज' (कायदे) या ग्रंथाच्या नवव्या पुस्तकात (८६०-८६४) तेच मत न सोडता मार्ग काढायचा प्रयत्न केला. अन्यायी माणूस मनाविरुद्धच अन्यायी असतो, मग कायद्याने हेतुपुरस्सर आणि अनवधान असा भेद करायचा तरी कसा? प्लेटो तो भेद हलवतो: एकीकडे इजा, जी भरून द्यायची, आणि दुसरीकडे अन्याय, जो मनाचा आजार म्हणून बरा करायचा. प्रस्तावनेत याबद्दल दोन परिच्छेद घातलेत तर तिसरं पुस्तक कोणाला उत्तर देतंय ते वाचकाला कळेल.

कोरांटी

नवाश्म यांची दुरुस्ती मान्य. 'आपणहून आणि जाणून' हेच व्याख्येत घ्यावं.

एक जागा राहिली. सातव्या पुस्तकातला 'आक्रातेस', म्हणजे ज्याला कळतं पण वळत नाही असा माणूस, आपल्या प्रोहायरेसिसच्या विरुद्ध वागतो, तरीही आपणहून वागतो. ११५२अ मध्ये ॲरिस्टॉटल त्याला अर्धा वाईट म्हणतो: कृती वाईट, निवड चांगली. प्रोहायरेसिसला तुम्ही नुसतं 'निवड' म्हटलंत, तर 'निवड नसताना आपणहून केलं' हे वाक्य अडखळेल. 'विचारान्ती निवड' लांब आहे, पण तेच ठेवा. 'संकल्प' नको, त्याला पूजेतलं पाणी सोडण्याचा वास येतो.

आणि नवाश्म यांच्या तळटीपेत आणखी एक खटला जोडा. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'माग्ना मोरालिया'त (११८८ब) एका बाईने पुरुषाला प्रेमाचं औषध पाजलं आणि तो मेला. आरेओपागसने तिला सोडलं, कारण पूर्वविचार नव्हता. दिलं प्रेमापोटी, नेम चुकला. 'औषधाने माणूस मेला' हे तिसऱ्या पुस्तकात अर्ध्या ओळीत येतं. त्या ओळीला हीच टीप लावा.